एका घराचा एक हात

सोपान खरातानं आजवर लई निवडणुका केल्या, पण स्वतः उभा राहिला ती एकच, आन् ती बी शाळंची.

निवडणुका केल्या म्हणजे दुसऱ्याच्या केल्या. कारखान्याची, सोसायटीची, ग्रामपंचायतीची. पॅनेल कुणाचं का असंना, निमगाव केतकीच्या ह्या बाजूला मतदान काढायचं आसंल तर सोपानला बोलवायचं. जीप कुठनं सोडायची, कुठला म्हातारा कुणाच्या शब्दाबाहेर न्हाय, कुणाच्या घरी आदी चहा प्यायचा आन् कुणाच्या घरी शेवटी, ही सगळं त्येला तोंडपाठ. बाकी शिक्षण सातवी. सातवीच्या परीक्षेला त्यो बसला हुता का न्हाय, ह्याबद्दल त्येच्या बापाला, दत्तोबाला, अजून शंका हाय. धंदा म्हणाल तर ट्रॅक्टर. हंगामात ऊस वाहायचा, एरवी नांगरट.

खरातवस्ती निमगावपासनं आत, ओढ्याच्या पल्याड. घरं सगळी आपापल्या उसात लपलेली. मधोमध जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पाण्याची टाकी आन् खिचडी शिजवायला पत्र्याचं शेड. जागा दत्तोबानं दिलेली. तवा ओढ्यावर पूल नव्हता. पाणी आलं की पोरं घरी बसायची, ती घरीच बसायची. दत्तोबा इंदापुरात हेलपाटं घालून घालून शाळा घेऊन आला. त्येला कुणी विचारलं, आबा, आयुष्यात काय केलं, तर ऊस, बागाईत, पोरीबाळींची लग्नं काय सांगायचा न्हाय. शाळंकडं बोट करायचा.

आता त्या शाळंत पोरं उरली हुती तेरा. चांगल्या वकुबाच्या घरांची पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश मिडियमला जायची. दोन गुरुजींतले एक बदलून गेले, त्यांच्या जागी कोण आलं न्हाय. राहिली मुबशिरा मॅडम. बारामतीची पोरगी, निमगावात खोली घेऊन राहायची आन् स्कूटीवर यायची. पहिली ते चौथी सगळी तिच्याच गळ्यात. एका खोलीत दोन वर्ग, दुसरीत दोन, आन् मॅडम मधल्या दारात उभी. तिसरीत एकच पोरगी, सोपानची उत्कर्षा.

दिवाळी झाल्यावर वरनं कागद आला. कमी पोरांच्या शाळा निमगावच्या मोठ्या शाळंत मिसळायच्या, पोरांना न्यायला गाडी द्यायची. ह्याला वस्तीची हरकत हाय का न्हाय, ती शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून कळवायचं. ही समिती म्हणजे पालकांची. पालक सभेत निवडायची, अध्यक्षबी पालकांतलाच. एरवी ह्या समितीत जायला कोण तयार नसायचं. मॅडम एखाद्याच्या दारात जाऊन म्हणायची, "दादा, तुमचं नाव घालू का?" दादा गोठ्यातनंच म्हणायचा, "घाला." झाली निवडणूक. ह्या वर्षी समितीची मुदत संपलेली आन् वर ह्यो कागद. सोपान म्हणला, मी उभा ऱ्हातो. शाळंला कुलूप लागू देणार न्हाय.

समोर उभा राहिला संदेश. ह्योबी खरातच, भावकीतला. लोणी देवकरला कंपनीत मशीनवर हुता, आयटीआय झालेला. त्येचं पोरगं दुसरीत. त्येचं म्हणणं, शाळा निमगावात मिसळलेलीच बरी.

सोपानचा प्रचार सकाळी दूध घालायच्या येळेला डेअरीवर चालायचा.

"आता बगा," त्यो कट्ट्यावर बसून सांगायचा, "सरकार म्हणतंय तेरा पोरांना एक मास्तर परवडत न्हाय. आरं, परवडायला पोरं काय म्हशी हायत का? म्हशीचं ठीक हाय, दूध किती, पेंड किती, हिशेब बसतो. पोराचा हिशेब कसा घालणार?"

"तुज्यावर घातला तर पेंड वाया गेली म्हणायची," भीमा म्हणला. भीमा त्येचा लंगोटीयार, त्येबी ट्रॅक्टरवालाच.

"हसा. पण कायदा काय सांगतो? लहान पोराला शाळा चालत जाता यील एवढ्या अंतरावर पायजे. आन् हे म्हणत्यात गाडी देतो. आज देतील. उद्या डिझेल न्हाय, परवा डायवर न्हाय. मला गाडीचं सांगू नका, माजा जलम गाडीखाली पाना घेऊन गेला. आन् दुसरं. आदी पोरं कमी म्हणून मास्तर काढायचा. मास्तर न्हाय म्हणून लोक पोरं दुसरीकडं घालणार. मग परत पोरं कमी, शाळाच काढा. विहिरीला आपणच मोटर लावायची आन् म्हणायचं विहीर आटली."

ही बोलणं खोटं नव्हतं. संदेशलाबी ती खोटं वाटत नव्हतं. त्यो किटली हातात घिऊन उभाच ऱ्हायचा.

"सोपानदादा, तुमचं पटतं," त्यो म्हणायचा. "पण मी ह्याच शाळंत शिकलो. वर्गात आमी तिघं. कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो तर तितं वीस जणांत बसवलं आन् म्हणले, बोला आपापसात. माजी जीभ टाळ्याला चिकटली. येत हुतं सगळं, बोलताच यीना."

"मग लागलास की कामाला."

"दुसऱ्या खेपेला लागलो."

"लागलास न्हवं? मग." सोपान किटलीचं झाकण लावायचा, आन् वाद संपायचा.

मतं पक्की करायची सोपानची रीत ठरलेली. ह्या भागात मत पक्कं करायचं म्हणजे भंडारा उचलायचा. खंडोबाच्या म्होरं उभं ऱ्हायचं, तळहातावर बेलाचं पान, पानावर चिमूटभर भंडारा, आन् काय ती बोलायचं. बोलला की माणूस फिरत न्हाय. पाकीट घिऊन फिरलेली माणसं सोपाननं ढिगानं बघितली, भंडारा उचलून फिरलेला एकच. त्येची म्हस त्याच महिन्यात मेली. म्हस म्हातारी हुती, पण ती कुणी सांगत न्हाय.

तर एका रविवारी सकाळी माळावरच्या खंडोबाला सगळे बाप्ये गोळा केले. एकेकानं भंडारा उचलला आन् म्हणला, "माज्या घरचं मत सोपानला." अफजल बाजूला उभा हुता. निमगावच्या बाजारात त्येचं मटणाचं दुकान, घर वस्तीवर, पोरगा दुसरीत.

"अफजलचं काय?" कुणीतरी इचारलं.

"माजी जबान दिली," अफजल म्हणला. "भंडाऱ्यापेक्षा हलकी वाटत आसंल तर सांगा."

"न्हाय बाबा, तू जेवणाचं बग." बोकड कापायला त्येलाच सांगितलं हुतं.

मग भीमा म्हणला, "सोप्या, आता तू उचल. कारखान्याला उभा राहिलेलाबी उचलतो."

सोपाननं उचलला. दुसऱ्यांची भाषणं लिवून देणाऱ्या माणसाला शब्द हुडकावं लागत न्हाईत. "वस्ती म्हणंल तसं वागीन," त्यो म्हणला, "वस्तीच्या शब्दाबाहेर जाणार न्हाय." मग सगळे खाली येऊन जेवले. संदेश आला न्हाय, त्येला ड्युटी हुती. त्येच्या घरी डबा मातूर सोपाननं पाठवला. निवडणूक निवडणुकीच्या जागी.

म्होरल्या आठवड्यात त्यो घरोघर फिरला. भंडारा उचलला तरी दारात जाऊन यावं लागतं. अफजलच्या घरी गेला तर शबाना मशीनवर ब्लाऊज शिवत हुती. सोपान उंबऱ्याबाहेर उभा.

"अफजल कुठाय?"

"दुकानात. या की भाईजान, चहा ठिवते."

"नको, घाईत हाय. आपलं ती शाळंचं ध्यानात हाय न्हवं?"

"शाळंचंच म्हणत हुते मी," शबाना मशीन थांबवून म्हणली. "मॅडम मीटिंगला गेली की पोरं..."

"सांजच्याला येतो. अफजलला सांगा मी येऊन गेलो."

सांजच्याला त्यो गेला, अफजल भेटला, दोघं उसाच्या भावावर बोलले.

मग बारामतीला जाऊन त्येनं फ्लेक्स करून आणला. शाळंच्या निवडणुकीला फ्लेक्स वस्तीनं पहिल्यांदाच बघितला. वर खंडोबा, मधी सोपान फेटा बांधून, खाली शाळंचा फोटो, आन् कोपऱ्यात उत्कर्षा. तिच्याखाली लिवलेलं, 'तिसरीत प्रथम क्रमांक'. येताना त्यो सांगवीला सासुरवाडीत वाकडी वाट करून सासऱ्याला फ्लेक्स उलगडून दाखवून आला. घरी बायकोला, राजलक्ष्मीला, दाखवला. तिनं पोरीच्या फोटोकडं लई येळ बघितलं, हात पदराला पुसले आन् भाकरी करायला आत गेली. सोपानला वाटलं, भारावली.

पालक सभा जानेवारीत, कामाच्या दिवशी सकाळी दहाला. सोपानची सवय अशी की मतदानादिवशी त्यो पहाटेच फोनला बसतो. भीमा फोनवर म्हणला, "मी कारखान्यावर लायनीत हाय, म्होरं एवढ्या गाड्या हायत की संध्याकाळ हुती. आमची ही जाती की. मत तुलाच." दुसरा म्हणला, तोडणीची टोळी रानात हाय, हलता येत न्हाय, बायकोला धाडलंय. तिसरा म्हणला, "बायकोला सांगून ठेवलंय, चुकायची न्हाय." सोपाननं मोजदाद केली. मतं तेवढीच भरत हुती. कोण घिऊन येतंय त्याला काय करायचं.

शाळंत गेला तर पोरांना मैदानात सोडलेलं आन् आतल्या पट्ट्यांवर बाया बसलेल्या. कुणी डोईला टॉवेल बांधून थेट खुरपणीवरनं आलेली, कुणाच्या मांडीवर धाकटं. बाप्ये दोनच, सोपान आन् संदेश. संदेश रातपाळी करून तसाच आलेला, डोळं तांबडं. खिडकीच्या बाहेर दत्तोबा काठीवर हात ठिवून उभा.

मुबशिरा मॅडमनं नियम सांगितला. "एका घराचा एक हात. आई वर करा नाहीतर वडील, पण घराचा एकच."

संदेशचं नाव घेतलं. त्येनं स्वतःचा हात वर केला, तोबी खांद्यापातूर. बाकी कोण हाललं न्हाय. सोपानचं नाव घेतलं, आन् सगळ्या बायांनी हात वर केले. राजलक्ष्मीनंबी केला. मॅडम म्हणली, "सोपान दत्तोबा खरात, अध्यक्ष." सोपाननं खिशातनं पेढ्याची पुडी काढली. संदेशला पहिला पेढा दिला. संदेशनं खाल्ला, उठून जायला निघाला.

"बस, बस," सोपान म्हणला. "एकच विषय हाय. मॅडम, ती कागदाचं उत्तर लिवून टाका. वस्तीचा विरोध म्हणून."

"थांबा की अध्यक्ष," कौसल्या म्हणली. कौसल्या म्हणजे भीमाची बायको. तिचा आवाज असा की बांधावरनं हाक मारली तर दुसऱ्या रानातली म्हस मान वर करती. "इचारा तरी आमाला."

"इचारायचं काय त्यात? आत्ता मतं दिली की तुमी मला."

"दिली. आमच्या ह्यांनी भंडारा उचललाय तुमच्या नावाचा. घरात दुभती म्हस हाय माज्या, मी कशाला फिरू? नाव तुमचं हुतं, हात वर केला. शाळंचं तितं देवळात काय बोलणं झालं हुतं का?"

सोपाननं आठवून बघितलं. मटणात मीठ कमी हुतं ह्यावर बोलणं झालं हुतं.

"पण मी उभाच शाळंसाठी राहिलो, वैनी."

"ती आमाला फ्लेक्सवर कळलं," कौसल्या म्हणली. "मी बोलू का? मॅडम, तुमचा राग न्हाय हां ह्यात. मंगळवारी मॅडमला निमगावात मीटिंग. मदीच कसली माहिती भरायची, मतदार यादीचं काम, शिबिर. शाळा अकराला सुटती. पोरगं माज्या मागं रानात. त्येला बघू का खुरपू? महिन्यातनं किती येळा हुतं, ती तुमच्या मित्राला इचारा. त्येला ठावंच न्हाय, त्यो लायनीत आस्तो."

"मला कुणी सांगितलं न्हाय ही."

"मी सांगत हुते," शबाना म्हणली. "तुमी अफजल कुठाय इचारलं."

दोन-चार बाया हसल्या. मॅडम खाली बघून हजेरीचं पान सारखं करायला लागली. सोपाननं घसा साफ केला आन् डेअरीवरचं सगळं परत सांगितलं. कायदा, गाडी, डिझेल, विहीर आन् मोटर. बायांनी मन लावून ऐकलं. एकजण म्हणली, "खरं हाय ओ भावजींचं. मास्तर त्यांनीच काढला."

"हाय खरंच," कौसल्या म्हणली. "पण मास्तर परत देणार हायत का? तुमी अध्यक्ष झाला म्हणून देतील?"

सोपान सवयीनं 'व्हय' म्हणणार हुता. निवडणुकीत त्येनं आजवर सगळ्याच गोष्टींना व्हय म्हणलेलं. पण समोर ज्या बसल्या हुत्या त्यांना उद्या-परवा त्येच्या दारावरनंच रानात जायचं हुतं.

"न्हाय देणार," त्यो म्हणला. "भांडू आपण. पण लगेच न्हाय देणार."

"तोवर पोरं मोठी हुतील," शबाना म्हणली.

"आन् एक इचारते, राग मानू नका," मागनं एक वयानं बारकी पोरगी म्हणली, जिचं पोरगं पहिलीत हुतं. "उत्कर्षा पहिली आली ती कितीत?"

सोपाननं बाहेर बघितलं. पोरं टाकीभवती पळत हुती. पहिली-दुसरीच्या बारक्या पोरांत उत्कर्षा एवढी उंच दिसत हुती की लांबनं बघणाऱ्याला ती त्यांची बाई वाटावी. ती कुणाचं तरी नाक पुसत हुती. फ्लेक्स करताना त्येच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं. पहिली म्हणजे पहिली.

"मग तुमी सगळ्यांनी आदीच ठरवून आलाय," त्यो म्हणला.

"ठरवून कशाला. खुरपताना तोंड मोकळं आस्तं," कौसल्या म्हणली. "तुमी बाप्ये माळावर गेला, आमी रानात बोललो. आता तुमचं सांगा. देवळात तुमीबी उचललाय म्हणं भंडारा. वस्ती म्हणंल तसं वागीन म्हणून."

"म्हणलो की."

"मग ही बसलीय वस्ती."

सोपाननं एकदा संदेशकडं बघितलं. संदेश पेढ्याचा कागद घड्या घालत बसला हुता, त्येला स्वतःलाच काय चाललंय ती उमगत नव्हतं. त्येचं नाव पडलं हुतं आन् म्हणणं निवडून येत हुतं.

मॅडम म्हणली, "मग हात घेऊ का? शाळा निमगावला जोडायची, ह्याच्या बाजूनं. एका घराचा एक हात."

हात वर गेले. कौसल्याचा, शबानाचा, मागच्या पोरीचा. संदेशचा ह्या खेपेला पुरा वर. राजलक्ष्मीनं नवऱ्याकडं बघितलं.

"आपल्या घराचा तुमी करताय का मी करू?"

त्येनं हात मांडीवरच ठेवला. तिनं वर केला.

खिडकीबाहेरनं दत्तोबा निघून गेला. काठीचा आवाज वट्ट्यावरनं खाली उतरला, मग मातीत ऐकू यीनासा झाला. सोपाननं ती ऐकलं. उठून जाता आलं असतं त्येला. राजीनामा लिवायला काय लागतं? कारखान्याला त्येनं असले रुसवे कैक बघितलेले. पण रुसलेल्या माणसाचा रुसवा काढायला जायचं कामबी त्येचंच असायचं, आन् त्यो मनातनं अशा माणसाला कसल्या शिव्या देतो ती त्येला ठावं हुतं.

"लिवा मॅडम," त्यो म्हणला. "मी सही करतो. मीच नेऊन देतो इंदापूरला. पण त्येच्या आदी अध्यक्ष म्हणून न्हाय, एक बाप म्हणून बोलू द्या."

"बोला की."

"तिसरी-चौथीचं मला पटलं. पटलं म्हणजे... उत्कर्षाचं पटलं. पण पहिलीचं पोरगं सहा वर्साचं आस्तं. त्येला शी आलेली सांगता येत न्हाय. त्येला तुमी सकाळी गाडीत घालणार, त्यो तितं तीनशे पोरांत. ताप आला तर तुमाला कळणार कधी, जाणार कशी? एसटी पकडून? हितं निदान हाक मारली तर ऐकू येतंय. बारक्यांना ऱ्हाऊ द्या हितं. दोनच वर्ग राहिले तर मॅडमलाबी शिकवता यील."

मागची पोरगी पदराचं टोक पिळायला लागली. तिचंच पहिलीत हुतं.

"आन् मॅडम मीटिंगला गेली की?" कौसल्या म्हणली.

"त्या दिवशी कुणीतरी बसायचं पोरांपाशी. पाळी लावू. बाप्यांचीबी."

"बाप्यांची?"

"मी बसतो पहिल्यांदा."

"ही लिवा मॅडम," कौसल्या म्हणली. "तारीख घालून लिवा."

शबाना म्हणली, गाडीत बाईमाणूस पायजे, नुसता डायवर चालणार न्हाय. आन् गाडी शाळंपातूर आली पायजे, हमरस्त्यावर उभी राहिलेली चालणार न्हाय. दुसरी एक म्हणली, गाडी आल्याबिगर पोरं जाणार न्हाईत असंबी घाला. मॅडम लिवत गेली. सोपाननं डेअरीवर महिनाभर शिक्षणावर भाषणं केली हुती, पण कुणी त्येला उलटून बोललं आन् त्येनं त्यावर इचार करून बोलावं, असं ह्या सभेतच झालं. सही करायच्या येळेला त्येचा हात जरा थांबला. मग त्येनं केली. कारखान्याच्या फॉर्मावर करतो तशी, मोठी, खाली दोन रेघा मारून.

घरी आल्यावर त्यो राजलक्ष्मीशी बोलंना. ती म्हशीला वैरण टाकत हुती. शेवटी त्यालाच राहवंना.

"घरात बोलायचंस की मला. तितं चारचौघींत कशाला?"

"तुमी घरात कधी हुता," ती म्हणली. मग वैरण टाकता टाकताच सांगायला लागली, "दिवाळीत सांगवीला गेलो तवा माज्या बहिणीच्या पोरी भांडल्या. खेळण्यावरनं, लई जोरात, झिंज्या उपटल्या. आपली उत्कर्षा तितंच हुती. हिच्या हातातली बाहुली घेतली तर हिनं दिऊन टाकली. घे म्हणली. मी म्हणलं, अगं वढ की. तर ही बघत बसली. हिला भांडताच येत न्हाय ओ. कुणासंगं शिकणार?"

सोपान गोठ्याच्या खांबाला टेकला. मग म्हणला, "तुज्यासारखं भांडायला शिकली म्हणजे झालं." राजलक्ष्मीनं वैरणीची एक पेंढी त्येच्या अंगावर टाकली.

इंदापूरला शिक्षणाच्या हापिसात त्यो शबानाला आन् कौसल्याला घिऊन गेला. साहेबानं ठराव वाचला, चष्मा वर केला.

"खरात, तुम्ही विरोधातले ना? फ्लेक्स आला होता माझ्या मोबाईलवर."

"अजून इरोधातलाच हाय," सोपान म्हणला. "ठराव वस्तीचा हाय."

"बरं, ठेवून जा. गाडीचं वेगळं पत्र द्या."

"वेगळं न्हाय साहेब. गाडी, बाईमाणूस आन् पहिली-दुसरी हितं, ही सगळं एकाच कागदात हाय. एक काढलं तर कागद परत द्या."

"असं अटी घालून चालत नाही हो."

"मग राहिलं." सोपाननं हात म्होरं केला. कागद परत मागायला त्येला काय वाटलं न्हाय. ट्रॉली भरलेली आसली तरी गेट न्हाय उघडलं तर परत फिरवावी लागती. कौसल्या साहेबाला म्हणली, "दादा, तुमची पोरं कुठं असत्यात शाळंला?" साहेब म्हणले, पुण्याला. "मग त्यांना न्यायला काय येतं?" साहेबानं तिला बसायला खुर्ची मागवली. चहा आला. दुपार झाली. साहेब दोनदा आत गेले, दोनदा फोन केले, आन् शेवटी लिवून दिलं. जूनपासनं गाडी, गाडीत मदतनीस बाई, पहिली-दुसरी सध्या एक वर्ष हितंच, म्होरलं म्होरं बघू.

परत आला तवा दत्तोबा गोठ्याम्होरं बाजंवर बसलेला. सभेपासनं त्यो पोराशी शब्द बोलला नव्हता. सोपाननं पायतान काढलं, हातपाय धुतले, बाजंच्या कडंला टेकला.

"झालं?" दत्तोबा म्हणला.

"झालं. तिसरी-चौथी निमगावला. जूनपासनं."

"आन् बारकी?"

"बारकी हितंच. वर्षभर तरी."

म्हाताऱ्यानं काठी बाजंला टेकवली. दूर कुणाचा तरी ट्रॅक्टर उसाचा फड सोडून वर यायची धडपड करत हुता, त्येचा आवाज आला.

"म्हणजे कुलूप न्हाय लागत."

"न्हाय लागत. वर्षभर."

"वर्षानं?"

"वर्षानं परत भांडायचं."

"कुणी, तू?"

"मी, कौसल्या वैनी, अफजलची शबाना. त्या लई भांडत्यात, आबा. तुमी तितं पायजे हुता."

"मी हुतो की," दत्तोबा म्हणला. "तुजी बायको हात वर करताना बघितली म्या." त्येनं तंबाखू मळली, पोराला दिली न्हाय. "मंगळवारी तू बसणार हाय म्हणं पोरांपाशी."

"बसणार हाय. कबूल केलंय."

"काय शिकवणार?"

"शिकवीन कायतरी. न्हाय जमलं तर खेळवीन."

दत्तोबानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "सातवीच्या पेपराला बसला हुतास का रं तू? खरं सांग आता."

"गणिताच्या न्हाय बसलो."

"मग मंगळवारी मला हाक मार," म्हातारा म्हणला. "पाढे मला येत्यात."